स्क्रीन नसलेल्या लिनक्सवरचा फोटो बघायचा कसा, आणि बघायलाच हवा का

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तासगावजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रास्पबेरी पाय (छोटा लिनक्स कॉम्प्युटर, पुढं नुसतं 'पाय') बसवलाय, त्यावर डेस्कटॉप नाही, मॉनिटर नाही. बेदाण्याचा बॉक्स काट्यावर आला की कॅमेरा फोटो काढतो आणि फाइल एका फोल्डरमध्ये पडते. तुम्ही सांगलीच्या ऑफिसातून विंडोज लॅपटॉपवर पुटी (लांबच्या मशीनला कमांड द्यायचा प्रोग्राम) उघडून आत शिरता. एलएस मारलं की फाइली दिसतात, पण फोटो बघायचा तर प्रत्येक फाइल उतरवून घ्यावी लागते, आणि तिथलं नेट म्हणजे सिमकार्डाचा राउटर. कॅट करून बघितलं तर स्क्रीनभर कचरा आणि वर टुंग टुंग आवाज. फेह हा फोटो व्ह्यूअर टाकला तर तो डिस्प्ले उघडत नाही म्हणतो. आणि जाता जाता एक उपप्रश्न: स्टोरेजच्या ऑफिसातल्या टीव्हीवर हे फोटो डेस्कटॉप न टाकता फिरते ठेवता येतील का?

मी सांगलीत विश्रामबागेत असतो. फोटो स्टुडिओ, पतसंस्था, एक-दोन कोल्ड स्टोरेज अशांची मशीन सांभाळणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळं हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सतत समोर येतो. कमांड इथं उच्चाराप्रमाणं लिहितोय, फोनवर गिऱ्हाईकाला सांगतो तशाच. जिथं स्पेलिंगचा घोळ होईल तिथं अक्षरं सोडवून सांगतो.

आधी तो कचरा. जेपीजी ही मजकुराची फाइल नाही. कॅट तिच्यातले बाइट जसेच्या तसे टर्मिनलकडं ढकलतो आणि टर्मिनल त्यांना अक्षरं समजून वाचायला जातो. 7 क्रमांकाचा बाइट आला की घंटी वाजते. 14 क्रमांकाचा आला की अक्षरसंच बदलतो आणि मग तुमचा प्रॉम्प्टसुद्धा रेघारेघांत दिसायला लागतो. मशीनला काही झालेलं नसतं, बिघडलेलं असतं ते फक्त दिसणं. न बघता 'रिसेट' टाइप करून एंटर मारा. एंटर घेतच नसेल तर एंटरऐवजी कंट्रोल आणि जे दाबा. पुटीच्या खिडकीच्या मेनूतही टर्मिनल रिसेट करायची सोय आहे.

आता मूळ मुद्दा. 'कुठला व्ह्यूअर टाकू?' असं सगळे विचारतात, आणि इथंच घोडं पेंड खातं. व्ह्यूअर कुठलाही असो, फाइल उलगडून पिक्सेल कुठल्या तरी पडद्यावर रंगवायचे असतात. त्यामुळं पहिला प्रश्न असा की फाइल कुठं आहे आणि पडदा कुठं आहे. दोन्ही एकाच मशीनवर असतील आणि डेस्कटॉप चालू असेल तर काही अडचणच नाही. 'एक्सडीजी-ओपन' आणि पुढं फाइलचं नाव, बास. किंवा फेह, स्पेलिंग एफ ई एच: नुसतं 'फेह' लिहून फोल्डरचं नाव दिलं की एकेक फोटो पुढंमागं करता येतो, 'मायनस टी' दिलं की सगळ्यांचे छोटे ठसे (थंबनेल), 'मायनस मोठा एफ' दिलं की पूर्ण पडदा. लिनक्सवर खिडक्या रंगवायच्या दोन यंत्रणा आहेत, जुनी एक्स आणि नवी वेलँड. वेलँडवर असाल तर आयएमव्ही बघा, तो दोन्हीकडं चालतो.

तुमच्याकडं मात्र फाइल तासगावला आणि पडदा सांगलीला. फेहनं दिलेला निरोप आठवा: एक्स डिस्प्ले उघडता येत नाही, तो चालू आहे ना? प्रश्न रास्तच आहे त्याचा. पायवर एक्स नाहीच, रंगवायचं कुठं?

यावर लोक लगेच एसएसएचचं (पुटी ज्या जोडणीनं आत शिरते तिचं) एक्स फॉरवर्डिंग सुचवतात, म्हणजे तिथल्या प्रोग्रामची खिडकी इकडं उघडायची. 'एसएसएच मायनस मोठा एक्स' करून शिरायचं, पायवर एक्सऑथ असायला हवं, तिथल्या एसएसएचडी कॉन्फिगमध्ये एक्स11 फॉरवर्डिंगला येस असायला हवं, आणि विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा मोबाएक्सटर्मसारखा एक्स सर्व्हर चालू हवा. एवढं जमलं की पायवरचा फेह तुमच्या लॅपटॉपवर खिडकी उघडतो. ऑफिसच्या आतल्या लॅनवर मी हे बिनधास्त वापरतो. सिमकार्डावर वापरू नका, आणि का ते गणितानंच सांगतो. तुमचा फोटो 4000 गुणिले 3000 चा आहे, फाइल साधारण 4 एमबीची. फेह ती फाइल पायवर उलगडतो आणि खिडकीत दिसणारे कच्चे पिक्सेल तारेवरून पाठवतो. फुल एचडी खिडकी म्हणजे 1920 गुणिले 1080, एकूण 20,73,600 पिक्सेल. प्रत्येकी 4 बाइट धरले तर 83 लाख बाइट, म्हणजे 8 एमबीच्या आसपास. झूम केलं की पुन्हा तेवढेच. म्हणजे अख्खी फाइल उतरवायला जेवढा डेटा लागला असता त्याच्या दुप्पट एकदा नुसतं बघण्यात गेला. 'मायनस मोठा सी' देऊन दाबून पाठवता येतं, पण फोटोच्या कच्च्या पिक्सेलांवर तो उपाय जेपीजीच्या जवळपासही जात नाही.

मग उलटं करायचं. फोटो तिथंच लहान करायचा आणि लहान झालेली जेपीजी इकडं आणायची. पायवर इमेजमॅजिक (कमांडनं फोटोंवर काम करणारा संच) टाका. त्याच्या सहाव्या आवृत्तीत कमांडचं नाव कन्व्हर्ट आहे, सातव्या आवृत्तीत मॅजिक. कमांड अशी: 'कन्व्हर्ट', मूळ फाइलचं नाव, 'मायनस रिसाइझ 1200 एक्स', 'मायनस क्वालिटी 75', आणि शेवटी फाइलच्या नावाऐवजी 'जेपीजी कोलन मायनस'. हा शेवटचा मायनस म्हणजे निकाल फाइलमध्ये ठेवू नको, बाहेर ओत. 4 एमबीचा फोटो यातून दोन-तीनशे केबीचा होऊन येतो आणि बॉक्सवरचं लेबल व्यवस्थित वाचता येतं. तुमच्याकडं लिनक्सचा लॅपटॉप असता तर 'एसएसएच', मशीनचं नाव, अवतरणात ही सगळी कमांड, मग पाइप (एका कमांडचा निकाल दुसरीकडं देणारी उभी रेघ), मग 'फेह मायनस' एवढ्यात काम झालं असतं. फेह पाइपमधून आलेला फोटो सरळ उघडतो, डिस्कवर काही राहत नाही.

विंडोजवर एक खोच आहे आणि ती ओळखायला लोकांची संध्याकाळ जाते. विंडोज 10 च्या पुढच्या आवृत्त्यांत एसएसएच आतच येतो, त्यामुळं यासाठी पुटी लागत नाही. पण पॉवरशेलमध्ये हीच कमांड चालवून 'पेक्षा मोठं' या चिन्हानं फाइलमध्ये ओतली तर जुना पॉवरशेल, म्हणजे विंडोजसोबत येणारा 5.1, त्या बाइटांना मजकूर समजून त्यांचं रूपांतर करतो. फाइल तयार होते, आकार जवळपास दुप्पट दिसतो, आणि उघडायला गेलं की 'फाइल खराब आहे'. मग माणूस पायला शिव्या घालतो. साध्या सीएमडीच्या काळ्या खिडकीतून चालवा, तिथं बाइट जसेच्या तसे येतात. अवतरणं मात्र दुहेरी वापरा, एकेरी अवतरण सीएमडीला कळत नाही. त्यानंतर 'स्टार्ट' आणि फाइलचं नाव दिलं की विंडोजचा नेहमीचा फोटो व्ह्यूअर उघडतो. चार ओळींची बॅच फाइल करून ठेवा, फोटोचं नाव तेवढं बदलायचं.

आता तुम्हाला खरं तर जे हवं होतं ते: टर्मिनलच्या आतच फोटो. होतं, पण किती छान होतं ते तुमच्या टर्मिनलवर अवलंबून आहे, पायवर नाही. चाफा नावाचा प्रोग्राम टाका, स्पेलिंग सी एच ए एफ ए. डेबियनच्या, म्हणजे पायचं लिनक्स ज्यावर बेतलंय त्याच्या, भांडारात आहे, 'ॲप्ट इन्स्टॉल'नं येतो. 'चाफा' आणि फाइलचं नाव एवढंच. तो टर्मिनलला काय काय येतं ते ओळखून त्यातल्या त्यात चांगला मार्ग निवडतो.

सगळ्यात साधा मार्ग म्हणजे अर्ध्या चौकोनाचं अक्षर. युनिकोडमध्ये वरचा अर्धा भाग भरलेलं एक चिन्ह आहे. त्याच्या शाईला एक रंग आणि पार्श्वभूमीला दुसरा दिला की एका अक्षराच्या जागेत दोन ठिपके बसतात. तुमची पुटीची खिडकी 80 गुणिले 24 ची असेल तर जास्तीत जास्त 80 गुणिले 48, म्हणजे 3,840 ठिपके. 1 कोटी 20 लाख पिक्सेलांचा फोटो तेवढ्यात. दुधाची तहान ताकावर. तरी हे ताक कामाचं आहे: काट्यावर बॉक्स आहे की नाही, कॅमेरा भलतीकडंच वळलाय का, लाइट चालू होती का, एवढं नक्की कळतं. खिडकी मोठी करा, फॉन्ट बारीक करा, 200 स्तंभ झाले की चेहराही ओळखू येतो. चौकोनांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसली तर पुटीच्या ट्रान्सलेशन या पानावर यूटीएफ-8 निवडलंय का बघा.

रंग फिके किंवा पायऱ्यापायऱ्यांचे दिसत असतील तर कारण बहुतेक वेळा हे असतं: टर्मिनलला पूर्ण रंग येतात हे सांगणारा कलरटर्म नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एसएसएचमधून आपोआप पलीकडं जात नाही. चाफाला वाटतं 256 च रंग आहेत. 'चाफा मायनस सी फुल' असं सांगितलं की ऐकतो.

याच्या वरचा मार्ग म्हणजे खरे पिक्सेल. सिक्सेल ही डीईसी कंपनीच्या 1980 च्या दशकातल्या टर्मिनलांवरची पद्धत, उभ्या सहा ठिपक्यांची एक पट्टी एका अक्षरात बांधून पाठवायची. व्हीटी340 सारख्या टर्मिनलांसोबत ती विस्मरणात गेली होती, गेल्या काही वर्षांत परत आली. फूट, वेझटर्म, केडीईचा कन्सोल यांना ती येते. एक्सटर्मला 'मायनस टीआय व्हीटी340' सांगून सुरू केलं की येते. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे विंडोज टर्मिनलला 1.22 आवृत्तीपासून सिक्सेल येतं. पुटीला येत नाही. म्हणजे पायवर काहीही न बदलता नुसती पुटी सोडून विंडोज टर्मिनलमधून एसएसएच केलंत तर तोच चाफा एकदम खराखुरा फोटो दाखवेल. ओळखलं नाही तर 'मायनस एफ सिक्सेल' असं बजावून सांगा. किटी हा आणखी एक टर्मिनल आहे, कॅलिबर लिहिणाऱ्या कोविद गोयल यांचाच. त्याची स्वतःची पद्धत आहे आणि 'किटन आयकॅट' ही कमांड. दर्जा उत्तम, पण किटी लिनक्स आणि मॅकवरच चालतो, विंडोजवर नाही.

टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) आत असाल तर हे खरे पिक्सेल सहसा दिसणार नाहीत, कारण अनोळखी सांकेतिक ओळी टीमक्स मधेच गिळतो. 3.3 पासून 'अलाउ-पासथ्रू' हा पर्याय आहे, तो ऑन करावा लागतो. मी स्वतः त्या भानगडीत पडत नाही, फोटो बघायला दुसरी खिडकी उघडतो.

तुमच्या मालाबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. बेदाण्याचा दर रंगावर हलतो. हिरवा किती हिरवा, पिवळा किती पिवळा, यावर सौद्यात वादावादी होते हे तुम्हाला मी सांगायला नको. 256 रंगांच्या टर्मिनलमध्ये लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी 6 च पायऱ्या असतात, सगळे मिळून 216, बाकीचे करडे आणि मूळचे 16. पोपटी आणि पिवळसर हिरवा यांतला फरक त्यात सरळ पुसला जातो. सिक्सेलमध्येही रंगांची संख्या मर्यादितच असते. त्यामुळं बेदाण्याची प्रत बघायची असेल तर मूळ फाइलच उतरवा, आणि तरीही कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर त्या रंगावर विसंबू नका. तो एका ठरावीक आकड्यावर पक्का करून ठेवा.

आता ज्यासाठी एवढं लांबलचक लिहायला घेतलं ते. अशा ठिकाणी दहातल्या आठ वेळा फोटो बघायचा नसतोच. काही तरी कळून घ्यायचं असतं, आणि बघणं हा ते कळायचा सगळ्यात महाग मार्ग आहे. फोटो नीट निघाला का? पूर्ण आला का? कधीचा आहे? कॅमेरा अडकला तर नाही ना? यातल्या प्रत्येकाचं उत्तर एका ओळीच्या मजकुरात मिळतं, आणि मजकूर सिमकार्डावरूनही चुटकीसरशी येतो.

सुरुवात 'फाइल' या कमांडनं करा. 'फाइल स्टार डॉट जेपीजी'. ती नावावर विश्वास न ठेवता आतले पहिले बाइट बघते. जेपीजी असेल तर सुरुवात एफएफ डी8 एफएफ अशी असते. खरा प्रकार आणि लांबीरुंदी दोन्ही सांगते. कुणी आयफोनचा एचईआयसी फोटो नुसतं नाव बदलून जेपीजी केला असेल तर इथंच पकडला जातो. मग 'फाइंड डॉट मायनस नेम', अवतरणात 'स्टार डॉट जेपीजी', आणि 'मायनस एम्टी'. शून्य बाइटच्या फाइली निघाल्या तर 'डीएफ मायनस एच' करून मेमरी कार्ड भरलंय का ते आधी बघा. शून्य बाइटच्या फाइलींचं माझ्याकडं सर्वाधिक आढळणारं कारण तेच.

अर्धवट फोटो हा वेगळा प्रकार. लाइट गेली, लिहिता लिहिता पाय बंद पडला, की वरचा भाग ठीक आणि खालचा करडा असा फोटो राहतो. व्ह्यूअर बदलून त्यात काही फरक पडत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. 'जेपीईजीइन्फो मायनस सी' सगळ्या फाइली तपासून प्रत्येकीपुढं ओके, वॉर्निंग किंवा एरर लिहितो. ओके सोडून बाकीच्या ओळी ग्रेपनं गाळून घ्या. फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल वारंवार खराब दिसत असेल तर ती खराब नसते, कॅमेरा अजून लिहीत असतो आणि तुम्ही मधेच डोकावता. तुमच्या स्क्रिप्टमध्ये फोटो आधी वेगळ्या नावानं लिहा आणि पूर्ण झाल्यावर 'एमव्ही'नं खरं नाव द्या. एकाच फाइलसिस्टमवर नाव बदलणं हे एका फटक्यात होतं, अर्धं नाव बदललेली फाइल कुणाला दिसत नाही.

कॅमेरा अडकलाय का, हे तर न बघताच जास्त चांगलं कळतं. सेन्सरवर बारीक खडखडाट कायम असतो, त्यामुळं समोरचं दृश्य तसूभरही हललं नाही तरी लागोपाठचे दोन फोटो बाइट न् बाइट सारखे येत नाहीत. 'एमडी5सम' चालवून लागोपाठच्या फाइलींचा आकडा सारखाच आला तर कॅमेऱ्यातून नवं काही येत नाहीये, जुनीच चौकट पुन्हा पुन्हा लिहिली जातेय. हे डोळ्यांनी बघून कळायला तुम्हाला अर्धा तास लागला असता.

काळा फोटोही तसाच सापडतो. इमेजमॅजिकला फोटो 100 गुणिले 100 चा करायला सांगा, पुढं 'मायनस फॉरमॅट', अवतरणात पर्सेंट आणि चौकटी कंसात 'एफएक्स कोलन मीन', शेवटी 'इन्फो कोलन'. उत्तर 0 आणि 1 च्या मधला एक आकडा येतो, सरासरी उजेडाचा. 0 म्हणजे पूर्ण काळा. तुमच्या खोलीतल्या चांगल्या फोटोंचा आकडा किती येतो ते एकदा बघून ठेवा, कारण तो जागेवर, लाइटवर, भिंतीच्या रंगावर अवलंबून असतो. माझ्याकडं एका कोल्ड स्टोरेजमध्ये दार उघडलं की बाहेरच्या दमट हवेनं लेन्सवर वाफ धरते. तिथं आकडा खाली जात नाही, उलट थोडा चढतो, कारण सगळंच पांढुरकं होतं. 'मीन'च्या जागी 'स्टँडर्ड_डेव्हिएशन' घातलं की ती भानगड पकडता येते, वाफेच्या फोटोत तो आकडा घसरतो.

वेळ, कॅमेरा, एक्स्पोजर हे सगळं एक्झिफटूल सांगतो. त्याचा अजून एक उपयोग फार कमी लोक करतात. बहुतेक कॅमेरे जेपीजीच्या आतच एक छोटा फोटो ठेवून देतात, साधारण 160 गुणिले 120 चा. पायच्या आरपीआयकॅम-स्टिलनं काढलेल्या फोटोत 320 गुणिले 240 चा असतो. 'एक्झिफटूल मायनस बी मायनस थंबनेलइमेज मायनस डब्ल्यू अंडरस्कोर थंब डॉट जेपीजी' आणि फोल्डरचं नाव, एवढ्यावर प्रत्येक फोटोतला तो ठसा वेगळ्या फाइलमध्ये निघतो. मोठा फोटो उलगडायची गरजच पडत नाही, म्हणून पायसुद्धा शेकडो फाइली पटापट उरकतो.

याच ठशांची एक पत्रिका बनवा, स्टुडिओवाले ज्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात ती. इमेजमॅजिकमधलं 'मोंताज' हेच काम करतं: 'मायनस लेबल पर्सेंट एफ', मग ठशांच्या फाइली, मग 'मायनस टाइल 8 एक्स', 'मायनस जॉमेट्री' मध्ये मधली फट, आणि शेवटी निकालाचं नाव. लेबल फाइलींच्या आधी लिहायचं, नाहीतर नावं छापली जात नाहीत. दिवसाचे सगळे बॉक्स एका चित्रात, प्रत्येकाखाली फाइलचं नाव. ते एकच चित्र उतरवा, नजर फिरवा, आणि ज्यावर शंका येईल तेवढाच मोठा मागवा.

मोंताजला थेट मूळ फोटो देऊ नका, एवढं मात्र कटाक्षानं पाळा. इमेजमॅजिकची सहावी आवृत्ती फोटो उलगडताना एका पिक्सेलला 8 बाइट घेते. तुमचा एक फोटो म्हणजे 96 एमबी, आणि मोंताज सगळे एकदम हातात धरतो. 1 जीबीच्या पायवर दहाव्या-बाराव्या फोटोला 'कॅश रिसोर्सेस एक्झॉस्टेड' येतं किंवा मशीन इतकं संथ होतं की एसएसएचसुद्धा उत्तर देत नाही. आतला ठसा नसलेल्या फाइली असतील तर 'मायनस डिफाइन जेपीईजी कोलन साइझ इक्वल टू 400 एक्स 400' असं फाइलींच्या आधी लिहा. मग जेपीजी उलगडतानाच लहान उलगडली जाते.

फोनवरून बघायचं असेल तर काहीजण पायवर 'पायथन3 मायनस एम एचटीटीपी डॉट सर्व्हर' चालवतात. सोपं आहे, पण तो सर्व्हर न सांगता सगळ्या नेटवर्कसाठी उघडा होतो, पासवर्ड नाही काही नाही, आणि त्या फोल्डरमधलं सगळं वाचता येतं. 'मायनस मायनस बाइंड 127.0.0.1' लावा आणि एसएसएचच्या 'मायनस मोठा एल'नं बोगदा काढून बघा.

राहिला टीव्ही. तिथं फाइल आणि पडदा एकाच मशीनवर आहेत, फक्त मधे डेस्कटॉप नाही, त्यामुळं फ्रेमबफर, म्हणजे पडद्यावरच्या पिक्सेलांची मेमरी, थेट वापरायचा. एफबीआय नावाचा प्रोग्राम टाका. एसएसएचमधून नुसतं 'एफबीआय' मारलं तर हा लिनक्सचा कन्सोल नाही अशी तक्रार करेल, आणि ते खरंच आहे, तुम्ही लांबून आलाय. 'सूडो एफबीआय मायनस मोठा टी 1' म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं पायला जोडलेल्या पडद्याच्या पहिल्या कन्सोलवर दाखव. पुढं 'मायनस ए' म्हणजे पडद्याइतकं कर, 'मायनस छोटा टी 10' म्हणजे दर 10 सेकंदांनी पुढचा, 'मायनस मायनस नोव्हर्बोज' म्हणजे खालची पट्टी नको. मोठे फोटो देऊ नका, 1920 रुंदीचे करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, पायला तेवढंच पेलतं. सूडो नको असेल तर युजरला व्हिडिओ गटात घालून बघा, गटात घातल्यावर लॉगआउट करून परत शिरायला विसरू नका. मोठ्या टीसोबत मात्र बहुतेक ठिकाणी सूडो लागतोच.

एफबीआय फाइलींची यादी सुरू होतानाच वाचतो. नंतर आलेले फोटो त्याला माहीत नसतात, म्हणून क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवायची सोय) दर तासाला 'किलऑल एफबीआय' करून पुन्हा सुरू करा. फोटो आडवे दिसले तर 'एक्झिफट्रान मायनस ए मायनस आय' चालवा, जेपीजीचा दर्जा न घालवता सरळ होतात. आणि थोड्या वेळानं टीव्ही आपोआप काळा पडत असेल तर सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमध्ये 'कन्सोलब्लँक इक्वल टू 0' जोडा. ती फाइल एकाच ओळीची असते, तेव्हा शेवटी स्पेस देऊन त्याच ओळीत लिहायचं. नवी ओळ केली तर ती वाचलीच जात नाही.